स्विच कुठे आहे?

मध्यम दर्जाच्या साखळी हॉटेलांबद्दल कुणी हौसेने बोलत नाही. पंचतारांकित ठिकाणी राहून आलेला माणूस फोटो दाखवतो. भिकार लॉजवर रात्र काढलेला तर वर्षभर तिथल्या ढेकणांवर गप्पा रंगवतो. मधल्या हॉटेलातून आलेल्याला विचारलं, तर उत्तर ठरलेलं, "ठीक होतं." कामानिमित्त फिरताना माझ्या बहुतेक रात्री या 'ठीक होतं'मध्येच जातात, आणि मला त्याबद्दल बरंच बोलायचं आहे.

आधीच सांगून टाकते, मला ही हॉटेलं आवडतात. भिंतीवरचं चित्र कुणाच्याही लक्षात राहणार नाही असंच निवडलेलं असतं, गालिच्याचा रंग डाग लपावेत म्हणून ठरवलेला असतो, लॉबीतला सुगंध यंत्रातून फवारलेला असतो. हे सगळं ठाऊक असून आवडतात. दिवसभर अनोळखी माणसांशी हसून बोलल्यावर रात्री अशी खोली मिळावी, जिथे मला कुणी काही विचारणार नाही आणि मलाही कुणाचं कौतुक करावं लागणार नाही, ही चैनच आहे. होमस्टे वगैरे प्रकारात सकाळी यजमानांशी गप्पा माराव्या लागतात, त्यांच्या मांजराचं नाव लक्षात ठेवावं लागतं. इथे ओळखपत्र दाखवलं, सही केली, कार्ड घेतलं आणि लिफ्टमध्ये शिरलं की विषय संपला.

हा निवांतपणा कुणीतरी मुद्दाम घडवलेला आहे. १९५१ साली केमन्स विल्सन नावाचा, अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात घरं बांधून विकणारा माणूस बायको आणि पाच मुलांना गाडीत घालून वॉशिंग्टनला निघाला. वाटेतल्या मोटेलांमध्ये कुठे अस्वच्छता, कुठे अव्वाच्या सव्वा भाडं, आणि वर प्रत्येक मुलामागे दोन डॉलर जादा. विल्सन इतका वैतागला, की वाटेतल्या खोल्यांची लांबी-रुंदी मोजत घरी परतला आणि १९५२ मध्ये मेम्फिसमध्येच त्याने पहिलं हॉलिडे इन उघडलं. आईवडिलांच्या खोलीत राहणाऱ्या मुलांचे वेगळे पैसे नाहीत, हा त्याचा पहिल्यापासूनचा नियम. पुढे सत्तरच्या दशकात याच साखळीने जी जाहिरात केली तिचा आशय असा होता, की आमच्याकडे तुम्हाला कसलंही आश्चर्य वाटणार नाही, आणि हेच सर्वात सुखद आश्चर्य. आज हे वाचून हसू येतं. पण दाराच्या आत काय वाढून ठेवलंय हे दार उघडेपर्यंत कळायची सोय नसायची, त्या काळात हे मोठंच आश्वासन होतं. खोली न बघता आपण आगाऊ पैसे भरून मोकळे होतो ते त्याच्याच जोरावर.

मला मात्र विल्सनच्याही आधीचा एक माणूस जास्त जवळचा वाटतो. एल्सवर्थ स्टॅटलर. हा पोरवयात हॉटेलात बेलबॉय होता, दुसऱ्यांच्या बॅगा उचलायचा. मोठेपणी त्याने १९०८ साली बफेलो शहरात स्वतःचं हॉटेल काढलं आणि दीड डॉलरमध्ये खोली आणि बाथरूम अशी जाहिरात केली. खोलीला लागून स्वतःची न्हाणी ही तेव्हा बड्या लोकांची मिजास होती. स्टॅटलरने शेजारशेजारच्या दोन खोल्यांची न्हाणीघरं पाठीला पाठ लावून बांधली आणि सगळे पाइप एकाच उभ्या पोकळीतून नेले, त्यामुळे त्याला ते परवडलं. हॉटेलांचा आराखडा आजही बहुधा तसाच असतो. सकाळी साडेपाचला भिंतीपलीकडचा इसम घसा खाकरतो तो थेट आपल्या आरशामागून ऐकू येतो, त्याचं श्रेयही स्टॅटलरलाच द्यायला हवं.

पण मी त्याला मानते ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. त्याने दिव्याचं बटण दाराच्या लगेच आत, हात आपोआप जाईल तिथे बसवलं. आणि किल्लीचं भोक दाराच्या मुठीच्या वर घेतलं, अंधारात चाचपडावं लागू नये म्हणून. दोन्ही हातांत ओझं घेऊन अंधाऱ्या खोल्यांत शिरलेल्या माणसालाच हे सुचणार.

त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली आणि मी अजून बटणं शोधते आहे. दाराजवळच्या खाचेत कार्ड घातलं की खोलीतले सगळे दिवे एकदम लागतात, इथपर्यंत झकास. प्रश्न झोपताना येतो. उशाशी सहा बटणांची एक पाटी असते. पहिलं दाबलं की पलीकडच्या उशीवरचा दिवा जातो. दुसऱ्याने बाथरूममधला जातो, पण त्याबरोबर तिथला पंखा सुरू होतो. तिसऱ्याने काहीच होत नाही, किंवा होत असेल ते मला तरी दिसत नाही. चौथ्याने सगळे विझतात, दाराजवळचा एक सोडून. तो विझवायला उठावं तर त्याचं बटण दाराशी. विझवून अंधारात परत यायचं आणि वाटेतल्या, बॅग ठेवायच्या बाकड्यावर नडगी आपटून घ्यायची. मग सुचतं की खाचेतलं कार्डच काढून टाकावं. काढल्यावर मिट्ट काळोख होतो, समाधान वाटतं, आणि मिनिटाभरात एसीचा आवाज थांबतो. फोनचं चार्जिंगही गेलेलं असतं. अशा वेळी माझी खात्री पटते, की ही खोली ज्याने आखली त्याने इथे एकही रात्र काढलेली नाही.

म्हणून हॉटेल कसं आहे हे मी तारे बघून ठरवत नाही. पडल्या पडल्या एका बटणात अंधार होतो का, आणि शॉवर सुरू करायला डोक्यावर गार पाणी घेत आत उभं राहावं लागतं, की बाहेरूनच नळापर्यंत हात पोचतो, एवढं मला पुरतं. बाकीचं सगळं यावरून कळतं.

कुणीच काही विचार करत नाही असं मात्र नाही. उलट या मधल्या हॉटेलांइतका हिशेबी विचार क्वचितच कुठल्या खोल्यांमागे झाला असेल. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मॅरियट कंपनीला कामासाठी फिरणाऱ्या लोकांसाठी नवी साखळी काढायची होती. त्यांनी शेकडो प्रवाशांसमोर पर्याय मांडले. तुम्हाला काय हवं असं सरळ विचारलं तर माणूस सगळंच मागतो, म्हणून त्यांनी जोड्या लावून विचारलं. मोठी खोली आणि साधं जेवण, की लहान खोली आणि झकपक रेस्टॉरंट? कशासाठी जास्त पैसे मोजाल आणि कशावर पाणी सोडाल? त्यातून निघालेल्या 'कोर्टयार्ड' साखळीचं पहिलं हॉटेल १९८३ मध्ये उघडलं. लॉबी आटोपशीर, उपाहारगृह छोटं, समारंभाचे हॉल जवळपास नाहीतच, आणि वाचलेले पैसे खोलीत घातलेले. त्यानंतर हा साचा सगळ्यांनीच उचलला. आज जगातल्या कुठल्याही अशा हॉटेलात टेबल-खुर्ची हमखास मिळते आणि टब बहुधा मिळत नाही. कपाटाला दार नसतं. ही सगळी कुणीतरी कधीतरी केलेली मतमोजणी आहे.

म्हणजे माझा विचार झालेला असतो, पण ती 'मी' सरासरी असते. ती बहुधा माझ्यापेक्षा उंच आहे, कारण आरसा नेहमी चार बोटं वर लावलेला असतो. तिला रात्री वाचायची सवय नसावी, कारण उशाच्या दिव्यात ओळ दिसत नाही. आणि तिला थंडी मुळीच वाजत नाही.

सरासरीच्या बाहेरचं काही घडलं की मग खरा मुक्काम सुरू होतो. तेव्हा काउंटरमागे उभ्या माणसाच्या हातात काय आहे, यावर सगळं अवलंबून असतं, आणि बहुतेक वेळा त्याच्या हातात फारसं काही नसतं. याचं कारण आपल्याला बाहेरून दिसत नाही. दर्शनी पाटीवरचं नाव एका कंपनीचं, इमारत दुसऱ्याच कुणाची, आणि हॉटेल चालवणारी माणसं कधी कधी तिसऱ्याच कंपनीच्या पगारावर, अशी व्यवस्था या धंद्यात सर्रास असते. खुद्द मॅरियटने १९९३ मध्ये आपल्या कंपनीचे दोन भाग केले, हॉटेलं चालवणारी एक आणि इमारतींची मालकी सांभाळणारी दुसरी. ज्याची पाटी तो नियम देतो. टॉवेल केवढा असावा, फोन किती रिंग होईपर्यंत उचलावा, पाहुण्याला कसं संबोधावं, सगळं लिहिलेलं. आणि तपासायला माणूस येतो, कधी सांगून, कधी न सांगता. मालक या नावासाठी दरमहा पैसे भरतो आणि उरलेल्यातून खर्च भागवतो. तुम्ही पाटीवरच्या नावावर विश्वास ठेवून आलेले असता. गरम पाणी येत नाही तेव्हा ज्याच्याशी बोलावं लागतं तो त्या नावाच्या कंपनीचा माणूसही नसतो.

एकदा मी रात्री उशिरा पोचले, हातात आरक्षण पक्कं झाल्याचा संदेश, आणि काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सॉरी मॅम, रूम नाहीये." काही लोक येणारच नाहीत असा अंदाज धरून असलेल्या खोल्यांपेक्षा जास्त आरक्षणं घ्यायची, हा विमान कंपन्यांचा प्रकार हॉटेलांनी केव्हाच उचलला आहे. खोलीचा भाव दर तासाला बदलतो तो अशाच गणितांमुळे. अंदाज चुकला की शेवटी येणाऱ्याला दुसऱ्या हॉटेलात पाठवायचं. त्या रात्री शेवटची मी होते. मुलगी वीस-बावीस वर्षांची असेल. तिने मान खाली घालून दुसऱ्या हॉटेलला फोन लावला, टॅक्सी बोलावली, भाडं हॉटेलच देईल असं सांगितलं आणि मग मी काय बोलते याची वाट बघत उभी राहिली. माझ्या आधीचा गृहस्थ काय बोलून गेला असेल ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. हिशेब कुठल्याशा संगणकाने केलेला, निर्णय तिसऱ्याच गावी झालेला, आणि शिव्या खायला ही. हॉटेलचा मला मनस्वी राग आला होता, अजूनही आहे, पण तो ऐकवायला समोर कुणी योग्य माणूसच नव्हता.

याउलट हॅम्प्टन इन या साखळीने १९८९ मध्ये एक हमी दिली. समाधान झालं नाही तर त्या रात्रीचं भाडं माफ. पैसे परत देणारी जाहिरात काही नवी नसते. नवं हे होतं, की भाडं माफ करायला मॅनेजरची परवानगी लागत नव्हती. हॉटेलातला कुठलाही कर्मचारी, अगदी खोली झाडणारी बाईसुद्धा, स्वतःच्या अखत्यारीत ते सांगू शकत होती. लोक फसवतील अशी भीती घातली गेली असणारच. पण ज्या कर्मचाऱ्याला भाडं माफ करायचा अधिकार असतो, तो पाहुण्याचं बोलणं वेगळ्या कानांनी ऐकतो, असं मला वाटतं. "सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाही" हे वाक्य त्याच्या तोंडी येत नाही.

अधिकार नसूनही माणसं काही ना काही करतात, हेही मी बघितलं आहे. रात्रपाळीचा माणूस हा या हॉटेलांमधला माझा सर्वात आवडता प्राणी. मधल्या दर्जाच्या हॉटेलात मध्यरात्रीनंतर काउंटरवर बहुधा एकटाच असतो. तोच चेक-इन करतो, तोच फोन उचलतो, बाहेर कुणी आरडाओरडा केला तर तोच बघायला जातो, आणि मधल्या वेळात दिवसाचे हिशेब मिटवून संगणकातली तारीख पुढे ढकलतो. हॉटेलचा दिवस बाराच्या ठोक्याला बदलत नाही, हा माणूस ते काम पुरं करतो तेव्हा बदलतो. अशाच एका रात्री माझ्या खोलीच्या आणि शेजारच्या खोलीच्या मधल्या दारातून टीव्हीचा आवाज येत होता. ही मधली दारं कुटुंबांसाठी असतात. बंद असली तरी खाली बोटभर फट असते, आणि त्या फटीतून शेजाऱ्याचं सगळं आयुष्य आत येतं. मी फोन केला. त्याने शेजाऱ्याला विनंती केली, आवाज थोडा कमी झाला, पण हवा तेवढा नाही. दुसरी खोली रिकामी नव्हती. दहा मिनिटांनी दारावर टकटक झाली. तो दोन्ही हातांत टॉवेल घेऊन उभा होता. "आत येऊ का, मॅडम? दार उघडंच ठेवतो," म्हणाला. माझ्या खोलीचं दार सताड उघडं ठेवून तो गुडघ्यांवर बसला, टॉवेलांच्या घट्ट सुरळ्या केल्या आणि मधल्या दाराच्या फटीत एकेक करून हाताच्या कडेने ठोकून बसवल्या. मग कान लावून बघितलं. "आता?" आता काही ऐकू येत नव्हतं. कुठल्याच नियमावलीत हे लिहिलेलं नसणार. स्वच्छ टॉवेल जमिनीवर वापरले म्हणून तपासायला येणाऱ्याने बहुधा त्याचे गुणच कापले असते.

आणि दार उघडं ठेवतो हे त्याने न सांगता ओळखलं, त्याचं मोल एकटीने फिरणाऱ्या बायकांना वेगळं सांगायला नको. आमच्या हिशेबात हॉटेलची प्रत दारापासून सुरू होते. काउंटरवर खोलीचा नंबर मोठ्याने उच्चारला गेला की माझ्या कपाळावर आठी पडते. शहाणी मंडळी तो नंबर कार्डाच्या पाकिटावर लिहितात आणि बोट ठेवून दाखवतात. कार्डावर नंबर छापलेला नसतो तोही याचसाठी, हरवलं तर सापडणाऱ्याला खोली कळू नये म्हणून.

ही प्लॅस्टिकची किल्लीदेखील एका बाईच्या दुःखातून आली. १९७४ मध्ये कॉनी फ्रान्सिस या अमेरिकन गायिकेवर मोटेलच्या खोलीत शिरून अत्याचार झाला. तिने खोल्यांच्या असुरक्षिततेबद्दल दावा लावला आणि जिंकला. ती बातमी नॉर्वेतल्या एका कुलपांच्या कारखान्यात काम करणाऱ्या टोर सॉर्नेस यांच्या मनात राहिली आणि दर पाहुण्यागणिक बदलता येईल अशी किल्ली त्यांनी बनवली. पहिलं कार्ड म्हणजे ३२ जागी भोकं पाडता येणारा प्लॅस्टिकचा तुकडा होता. भोकांची रचना बदलली की किल्ली बदलली. लोखंडी किल्ली आधीच्या दहा पाहुण्यांपैकी कुणीही करून घेतलेली असू शकते, ही धास्ती तिथे संपली. पुढे चुंबकीय पट्टी आली, मग नुसतं टेकवायचं कार्ड आलं. तत्त्व तेच राहिलं, नव्या पाहुण्याचं कार्ड कुलपाला लागलं की आधीच्याचं बाद. म्हणून रात्री अकराला लाल दिवा लुकलुकून दार उघडलं नाही तर मी चिडते खरी, पण कुलूप त्याचं काम करतं आहे असंही वाटून जातं. हे दुसरं वाटणं मात्र लिफ्टने परत खाली जाईपर्यंतच टिकतं.

आत गेल्यावर कडी, साखळी, दाराचं भिंग, सगळं बघून झालं तरी पहिल्या रात्री झोप अर्धवटच लागते. याला शास्त्रीय कारण आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की नव्या जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा जास्त सावध असतो, बारीकसारीक आवाजांना प्रतिसाद देत राहतो. डॉल्फिन अर्ध्या मेंदूने झोपतात म्हणतात, आपलीही एक रात्रीची तीच तऱ्हा. हे वाचल्यापासून माझा एक लाडका तर्क आहे, की सगळ्या खोल्या सारख्या असण्याचा थोडा फायदा त्या डाव्या बाजूला होत असेल. पलंग तिथेच, खिडकी तिथेच, एसीची घरघर त्याच सुरात. फसत असेल बिचारी.

बिछाना पांढराशुभ्र असतो, तो मात्र पूर्वीपासून नव्हता. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत फुलाफुलांच्या जाड चादरी असायच्या, डाग पोटात घालणाऱ्या. वेस्टिन या हॉटेल साखळीने १९९९ मध्ये जाड गादीचा, पांढऱ्या अभ्र्यांचा पलंग आणला आणि त्याची एवढी वाहवा झाली, की वरपासून खालपर्यंत सगळ्या साखळ्या पांढऱ्या झाल्या. पाहुण्याला स्वच्छता डोळ्यांनी दिसायला लागली. पण गादी जाड झाली, उशा दोनाच्या चार झाल्या, आणि हे सगळं रोज उचलणारी बाई तीच राहिली. तिला दिवसाला डझनभराहून जास्त खोल्या करायच्या असतात. प्रत्येकीला अर्धा तासही मिळत नाही. जड गादीचा कोपरा एका हाताने उचलून दुसऱ्या हाताने चादर आत खोचायची, ही हालचाल दिवसभरात कितीदा होत असेल याचा हिशेब करून बघा, म्हणजे तिच्या खांद्यांची कल्पना येईल.

या बाईला मी क्वचितच बघते, पण तिच्या खुणा ओळखते. खुर्चीवर फेकलेला चार्जर वेटोळं करून टेबलावर ठेवलेला. चष्मा पुस्तकावर, काचा वर करून. एकदा मी रात्री दोन उशा काढून जमिनीवर टाकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पलंगावर दोनच होत्या, उरलेल्या कपाटात. चौथ्या मजल्यावरच्या त्या कुणा बाईला माझ्या मानेचं दुखणं कळलं होतं. टीव्हीच्या पडद्यावर माझं आडनाव चुकीचं लिहून "आपलं मनःपूर्वक स्वागत" म्हणणाऱ्या यंत्रणेला ते कधी कळेल असं वाटत नाही.

महासाथीनंतर तर तिचं रोज येणंच अनेक साखळ्यांनी बंद केलं. हवं असेल तर सांगा, नाही तर मुक्काम संपल्यावरच सफाई. पर्यावरणाचं कारण छापलेलं असतं. न्हाणीघरातला तो छोटा पुठ्ठाही तेच सांगतो, टॉवेल पुन्हा वापरा, पृथ्वी वाचवा. मी वापरते, घरी तरी कुठे रोज नवा घेते. पण धुलाईचा खर्च कुणाचा वाचतो याबद्दल पुठ्ठा मौन बाळगतो. या पुठ्ठ्यावर एक झकास प्रयोग झाला होता, २००८ मध्ये तो छापून आला. निसर्गासाठी करा असं लिहिलं तेव्हा सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल परत वापरला. बहुतेक पाहुणे असं करतात, तुम्हीही करा असं लिहिलं तेव्हा ४४ टक्क्यांनी. आणि याच खोलीत राहून गेलेले बहुतेक लोक करतात असं लिहिल्यावर प्रमाण आणखी वाढलं. ज्या माणसांनी आपल्याआधी त्याच पलंगावर घोरणं केलं, त्यांच्याशी आपलं काही नातं लागतं की काय, कोण जाणे. मला तर त्यांचा विचारही नको असतो.

नाश्त्याबद्दल फार लिहीत नाही. तिथला सरकत्या पट्ट्याचा टोस्टर जगात सगळीकडे सारखाच वागतो, पाव एकदा घातला तर पांढराफटक, दोनदा घातला तर कोळसा. मात्र त्या टोस्टरसमोर पाव बाहेर पडायची वाट बघत उभी असलेली माणसं एकमेकांशी दोन शब्द बोलतात. या हॉटेलांमध्ये पाहुणे एकमेकांशी बोलतात अशी मला तरी दुसरी जागा सापडलेली नाही.

आणि मग, घरी पोचायच्या आत, फोनवर ते पत्र येतं. आमच्याकडचा आपला मुक्काम कसा झाला? आमची शिफारस आपण मित्रांना किंवा सहकाऱ्यांना कराल का? शून्य ते दहा. हा प्रश्न फ्रेड रायकेल्ड या सल्लागाराने २००३ मध्ये मांडलेल्या पद्धतीतला आहे, आणि तिचा हिशेब पाहुण्याला कुणी सांगत नाही. नऊ आणि दहा देणारे समर्थक. शून्य ते सहा देणारे विरोधक. समर्थकांच्या टक्केवारीतून विरोधकांची वजा करायची. सात आणि आठ देणारे ना समर्थकांत धरले जातात, ना विरोधकांत. 'ठीक होतं' म्हणणाऱ्या सज्जन माणसाचा प्रामाणिक आठ, म्हणजे मुक्काम चांगला झाला असं म्हणणारा आठ, तिथे कुणाच्याच कामाचा नसतो. आणि सहा दिला तर तो संताप समजला जातो. चेक-आउट करताना कधी कधी काउंटरवरचा मुलगा हळूच म्हणतो, "मॅडम, सर्व्हे येईल, प्लीज दहा द्या." त्याच्या बढतीचं काहीतरी त्या आकड्यात अडकलेलं असतं हे मला कळतं. एवढा अचूक मोजलेला पलंग, आणि माझं मत मोजायची ही तऱ्हा.

मी आता दहाच देते. रागाचं जे असेल ते मुक्कामात असतानाच खाली जाऊन बोलते, कारण तेव्हाच कुणाला काहीतरी करता येतं. खरं लिहायचं ते आकड्याखालच्या मोकळ्या चौकटीत लिहिते, नावानिशी. टॉवेलवाल्या त्या माणसाचं नाव मी लिहिलं, तारीख लिहिली, मधल्या दाराच्या फटीबद्दल लिहिलं, आणि त्या दारांना खाली रबराची पट्टी बसवा, खर्च फार येणार नाही, असंही सुचवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. आपला अभिप्राय आमच्यासाठी अमूल्य आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व, पुढच्या मुक्कामात आपलं स्वागत करायला आम्ही उत्सुक आहोत. खाली एक दुवा होता. आमच्या या उत्तराबद्दल आपण किती समाधानी आहात? शून्य ते दहा.